एकजीव होऊ न देता

प्रयोगशाळेत नव्याने रुजू झालेला रसायनशास्त्राचा पदवीधर सुरुवातीला एकाच ध्यासात असतो: दोन गोष्टी नीट मिसळल्या पाहिजेत. बाटलीत आरपार दिसणारं द्रावण झालं की त्याचा चेहरा उजळतो. धुरकट राहिलं की तो ढवळणीचा वेग वाढवतो, मग तापमान, मग सॉल्व्हंट. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. गाठी राहिल्या म्हणजे काम अर्धवट, हे आपल्या हाडीमासी खिळलेलं असतं. प्लास्टिकची ब्लेंड, म्हणजे मिश्रणं, आणि क्युअर होणारी, म्हणजे अभिक्रियेने द्रवाची कडक होणारी, रेझिन यांच्या संगतीत बरीच वर्षं काढल्यावर माझं मत मात्र जवळपास उलटं झालं आहे. आपटल्यावर न फुटणारं, वाकवल्यावर न तडकणारं मटेरियल बहुतेक वेळा एकजीव नसतंच. ते एकजीव होता होता राहिलेलं असतं, किंवा एकजीव असताना फाटायला लागून मध्येच अडवलेलं असतं. कुठे अडवायचं हे ठरवण्याचा पगार आम्हाला मिळतो.

दोन आरपार दिसणारी प्लास्टिकं घ्या. एक पॉलिस्टायरीन, दुसरं ॲक्रिलिक. दोन्हींचे दाणे स्वच्छ, चकचकीत. अर्धे-अर्धे हॉपरमध्ये ओतून एक्स्ट्रूडरमधून, म्हणजे स्क्रूने वितळवून पुढे ढकलणाऱ्या यंत्रातून, काढले तर डायमधून बाहेर पडणारी दोरी पांढरीफटक येते. कुणी रंग टाकलेला नसतो. पॉलिस्टायरीनचा अपवर्तनांक १.५९, ॲक्रिलिकचा १.४९. एकाचे बारीक थेंब दुसऱ्यात अडकलेले असतात आणि प्रत्येक थेंबाच्या हद्दीवर प्रकाश वाट बदलतो. ती दोरी गार झाल्यावर वाकवली की कट्‌कन मोडते. दोन स्वच्छ गोष्टी एकत्र आणून आपण एक पांढरी, ठिसूळ गोष्ट तयार केलेली असते.

याचं कारण पॉल फ्लोरी आणि मॉरिस हगिन्स या दोघांनी १९४१-४२ च्या सुमारास स्वतंत्रपणे मांडलं. पदार्थ एकमेकांत विरघळतात ते बहुतेकदा परस्परांच्या ओढीने नव्हे, तर मिसळल्यावर रेणूंना मांडणीचे पर्याय वाढतात म्हणून. या पर्यायांच्या मोजमापाला एन्ट्रॉपी म्हणायचं. लाल आणि पांढरे सुटे मणी डब्यात टाकून हलवले तर त्यांच्या मांडणीचे प्रकार मोजता येणार नाहीत इतके होतात. तेच मणी लांबलचक माळांमध्ये ओवून मग टाकले तर प्रत्येक मण्याची जागा त्याच्या शेजाऱ्याने बांधून घातलेली असते आणि प्रकार एकदम आटतात. पॉलिमरची साखळी म्हणजे ओवलेले मणी. मिसळण्यातला फायदा साखळीच्या लांबीबरोबर घटत जातो. दोन जातींच्या मण्यांमधली थोडीशी नावड मात्र मण्यागणिक तशीच शिल्लक राहते. त्यामुळे दोन पॉलिमर एकमेकांत विरघळणं हा अपवाद आणि न विरघळणं हा नियम.

इथपर्यंत ऐकल्यावर कुणीतरी संसाराची उपमा काढतंच. मी ती काढणार नाही. रेणूंना रुसवेफुगवे नसतात, आणि त्यांच्यावर ते लादले की आपल्याला रेणूही नीट कळत नाहीत आणि संसारही.

अपवादांमधला सगळ्यात गाजलेला म्हणजे पॉलिफेनिलीन ऑक्साइड आणि पॉलिस्टायरीन. जनरल इलेक्ट्रिकमध्ये ॲलन हे यांनी १९५६ मध्ये हे ऑक्साइड बनवण्याची पद्धत शोधली. पदार्थ उत्तम, उष्णता सोसणारा, पण २१० अंश सेल्सिअसच्या आसपास त्याची काचेसारखी कडक अवस्था सुटते, आणि साच्यात वाहण्याइतकं त्याला तापवायचं तर तोवर तो स्वतःच खराब व्हायला लागतो. पॉलिस्टायरीनची तीच अवस्था शंभर अंशांच्या आसपास सुटते. दोघं कुठल्याही प्रमाणात एकमेकांत विरघळतात आणि मिश्रणाचं तापमान प्रमाणानुसार मधे कुठेही आणून ठेवता येतं. यातून १९६० च्या दशकात नोरिल बाजारात आलं. पाठ्यपुस्तकांत ते एकजीव ब्लेंडचं उदाहरण म्हणून येतं, आणि ते खरंच आहे. फक्त एक गोष्ट तिथे बऱ्याचदा राहून जाते. विकल्या जाणाऱ्या ग्रेडमध्ये सहसा साधं पॉलिस्टायरीन नसतं, रबर घातलेलं हाय-इम्पॅक्ट पॉलिस्टायरीन असतं. म्हणजे इतकं छान एकजीव झाल्यावरही, ते फुटू नये म्हणून न मिसळणारे रबराचे कण त्यात ठेवावेच लागतात.

रबराचे हे कण जवळून पाहण्यासारखे असतात. साधं पॉलिस्टायरीन स्वस्त आणि ठिसूळ. स्टायरीन हा द्रव असतो तेव्हाच त्यात थोडं पॉलिब्युटाडीन रबर विरघळवतात आणि ढवळत ढवळत स्टायरीनचं पॉलिमर होऊ देतात. सुरुवातीला रबराचं द्रावण हा समुद्र असतो आणि नव्याने बनणारं पॉलिस्टायरीन त्यातली बेटं. बेटं वाढत जातात आणि एका टप्प्यावर सगळं उलटतं: पॉलिस्टायरीन समुद्र होतं, रबर बेटं होतं. उलटताना रबराच्या प्रत्येक बेटाच्या पोटात पॉलिस्टायरीनचे छोटे थेंब अडकून बसतात. पातळ काप घेऊन, ऑस्मियम टेट्रॉक्साइडने रबर काळं करून इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली धरलं की मायक्रॉन-दोन मायक्रॉनचे गोल दिसतात, आत पांढरे डाग आणि भोवती काळी जाळी. म्हणजे थोड्याशा रबरात बरीच जागा व्यापली जाते. या उलटण्याच्या वेळी ढवळणं चालू नसेल तर ते धड होत नाही. मला हा तपशील फार आवडतो. तेच घटक, तेच प्रमाण. फरक फक्त नेमक्या वेळी कुणी ढवळत होतं की नाही एवढाच.

अशा प्लास्टिकची पट्टी हातात घेऊन वाकवली की वाकलेल्या जागी ती पांढरी पडते. ते पांढरेपण म्हणजे असंख्य सूक्ष्म भेगा, ज्यांच्या दोन्ही काठांना पॉलिमरचे तंतू अजून धरून असतात. प्रत्येक कण आपल्याजवळ अशा भेगा सुरू करतो आणि पुढचा कण त्यांना अडवतो. एकच मोठी भेग धावत सुटण्याऐवजी लाखो छोट्या भेगा थोडं थोडं सरकतात, आणि धक्क्याची ऊर्जा त्यात संपते. आयझॉड चाचणीत, म्हणजे खाच पाडलेल्या पट्टीवर लंबकाचा हातोडा आपटून, तुटलेला तुकडा मी आकड्याआधी डोळ्याने बघतो. तुटलेला पृष्ठभाग चकचकीत असेल तर आकडा वाचायची गरज नसते. खाचेच्या मागे खोलवर पांढरं पडलं असेल तर कणांनी आपलं काम केलेलं असतं.

नायलॉनची गोष्ट वेगळी, तिथे ढवळून भागत नाही. नायलॉन आणि इथिलीन-प्रोपिलीन रबर एकत्र वितळवलं तर रबराचे मोठाले, सैल थेंब पडतात. नायलॉनला त्यांच्याशी चिकटायचं काही कारण नसतं. तुटल्यावर पृष्ठभागावर थेंब निसटून गेलेल्या गुळगुळीत खळ्या दिसतात. उपाय असा, की रबराच्या साखळीवर मॅलेइक ॲनहायड्राइडच्या छोट्या कड्या लावून घ्यायच्या. वजनाने टक्काभर, कित्येकदा त्याहूनही कमी. नायलॉनच्या साखळीच्या टोकाला अमाइन असतं. वितळलेल्या अवस्थेत, एक्स्ट्रूडरच्या स्क्रूमध्ये, जेमतेम मिनिटभरात ॲनहायड्राइड आणि अमाइन भेटतात आणि हद्दीवरच जोड बसतो. अर्धी साखळी नायलॉनमध्ये, अर्धी रबरात. हे जोड थेंबांना पुन्हा एकमेकांत मिसळून मोठं होऊ देत नाहीत.

इथे नव्या माणसाला वाटतं की आपण दोन पॉलिमर अखेर ‘मिसळले’. मिसळलेले नसतात. थेंब थेंबच असतात, फक्त लहान आणि घट्ट धरलेले. ड्युपाँटमधल्या सौहेंग वू यांनी १९८५ मध्ये नायलॉन-६६ वर केलेल्या कामातून एक सुंदर गोष्ट पुढे आली: थेंब किती मोठे, यापेक्षा शेजारच्या दोन थेंबांमध्ये नायलॉनची भिंत किती जाड उरली, हे निर्णायक असतं. ती सुमारे ०.३ मायक्रॉनपेक्षा बारीक झाली की ठिसूळ नायलॉन एकदम चिवट होतं. हळूहळू नाही, एकदम. बारीक भिंतीतलं नायलॉन तुटण्याआधी ताणलं जातं. पूर्ण विरघळलेलं रबर ही भिंत उभीच करू शकत नाही. ते सगळ्या नायलॉनला सरसकट मऊ करतं, बस. आणि मऊ म्हणजे चिवट नव्हे, हे समजावण्यात माझा बराच वेळ जातो.

एक्स्ट्रूडरबद्दलचे गैरसमज हा स्वतंत्र विषय आहे. ‘स्क्रूचा स्पीड वाढवा, बारीक होईल’ हा सल्ला मशीनशेजारी उभा राहणारा प्रत्येक जण देतो. थेंब फुटतो की नाही हे जोरावर जितकं अवलंबून असतं तितकंच दोन्ही वितळांच्या घट्टपणाच्या गुणोत्तरावर. जी. आय. टेलर यांनी १९३० च्या दशकात थेंब फुटण्याचं गणित मांडलं, आणि ग्रेस यांच्या १९८२ मध्ये छापलेल्या प्रयोगांतून हे पक्कं झालं की थेंब भोवतालच्या द्रवापेक्षा चौपटीहून जास्त घट्ट असेल तर साध्या कातरी प्रवाहात, म्हणजे थर एकमेकांवरून सरकतात तिथे, तो फुटतच नाही. नुसता गोल फिरत राहतो. त्याला ताणणारा प्रवाह लागतो. म्हणून कधीकधी स्पीड वाढवण्यापेक्षा रबराची थोडी पातळ ग्रेड घेणं किंवा स्क्रूवरचे मळणारे भाग, म्हणजे नीडिंग ब्लॉक, बदलणं जास्त कामाचं ठरतं. शिवाय दाण्यांचे थेंब होण्याचं बहुतेक काम दाणे वितळतात त्या पहिल्या टप्प्यातच उरकलेलं असतं. पुढच्या लांबीत थोडीफार डागडुजी चालते. आणि जोराची किंमत असते. पेरॉक्साइड वापरून साखळीवर कड्या लावताना पॉलिप्रोपिलीनच्या साखळ्या तुटतात, पॉलिइथिलीनच्या मात्र एकमेकींना जोडल्या जाऊन जेल होतं. तीच कृती, दोन सख्ख्या वाटणाऱ्या पॉलिमरमध्ये दोन उलट परिणाम. व्हेंटचा व्हॅक्यूम नीट चालत नसेल तर मॅलेइकची वाफ डोळ्यांना आधी कळवते, मीटर नंतर.

आता रेझिन. इथे सगळा खेळ काळाचा होतो.

इपॉक्सी रेझिन आणि अमाइन हार्डनर घ्या. साधारण द्रव इपॉक्सीचं तुल्यभार वजन, म्हणजे अभिक्रिया करणाऱ्या एका गटामागचं वजन, १९० च्या आसपास, ट्रायइथिलीन टेट्रामाइनचं सक्रिय हायड्रोजनमागे सुमारे २४. भागाकार केला की शंभर भाग रेझिनला जवळजवळ तेरा भाग हार्डनर येतो. हे तेरा म्हणजे तेरा. ‘लवकर वाळावं म्हणून थोडा जास्त टाकला’ हे वाक्य मी साइटवरून इतक्या वेळा ऐकलं आहे की त्यावर आता चिडायचंही सोडलं. पॉलिएस्टर रेझिनमध्ये पेरॉक्साइड वाढवलं तर वेग वाढतो, कारण ते फक्त साखळी सुरू करून देतं. इपॉक्सीचा हार्डनर जाळ्याचा भाग होतो. जास्त टाकला तर उरलेली अमाइनची टोकं जोडीदाराविना लोंबकळत राहतात. फिल्म मऊ राहते, पाणी ओढते, आणि दमट गार हवेत पृष्ठभागावर कार्बन डायऑक्साइडशी जमून चिकट पांढुरका थर धरते, ज्यावर पुढचा कोट बसत नाही.

योग्य प्रमाणात मिसळल्यावर काय होतं ते लाकडी काडीने बघावं. सुरुवातीला काडी उचलली की रेझिन लांब धारेत सुटतं. मग धार जाड होते, तुटताना मागे खेचली जाते. मग एक क्षण असा येतो की धार निघतच नाही. काडीबरोबर अख्खं मटेरियल किंचित उचललं जातं आणि परत बसतं. जेल झालं. या क्षणी भांड्याच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकच रेणू तयार झालेला असतो. कॅरोदर्स यांनी १९३० च्या दशकात आणि फ्लोरी यांनी पुढे याचं गणित बसवलं. दोन टोकांच्या इपॉक्सीला चार जागांचं अमाइन नेमक्या प्रमाणात मिळालं तर जेल होतं ते ५८ टक्के अभिक्रिया झाल्यावर. म्हणजे वस्तू वाहायची थांबते तेव्हा चाळीसहून अधिक टक्के काम बाकी असतं. ‘वाळलं’ म्हणून लोक त्यावर बोट फिरवतात, कधी पाय ठेवतात, आणि आतलं रसायन अजून निम्म्या वाटेवर असतं.

उरलेलं काम खोलीच्या तापमानाला पूर्ण होतच नाही. जाळं जसं दाट होतं तसं त्याचं काचेसारखं कडक होण्याचं तापमान वर चढतं, आणि ते खोलीच्या तापमानाला गाठून थोडं पुढे गेलं की रेणू हलायचे थांबतात. टोकं एकमेकांसमोर असूनही पोचत नाहीत. प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॉन गिलहॅम यांनी वेळ आणि तापमान यांच्या आलेखावर जेल होणं आणि काच होणं या दोन रेषा काढून दाखवल्या, तेव्हापासून पोस्ट-क्युअर, म्हणजे नंतर पुन्हा तापवणं, का लागतं हे एका चित्रात सांगता येतं. तो आलेख मी कागदावर काढून देतो. त्यानंतर वाद निम्म्याने कमी होतात.

या सगळ्यात मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे इपॉक्सीत द्रव रबर घालणं. नुसतं इपॉक्सी कडक आणि चिकट, पण ठिसूळ. एकदा भेग सुरू झाली की सरळ आरपार. १९६० च्या दशकात एमआयटीत मॅकगॅरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यात टोकांना कार्बॉक्सिल गट असलेलं ब्युटाडीन-ॲक्रिलोनायट्राइलचं द्रव रबर घातलं. शंभर भागांना दहा-पंधरा भाग. घालताना ते इपॉक्सीत पूर्ण विरघळतं. बाटली उजेडासमोर धरली तर आत पिवळसर, स्वच्छ द्रव दिसतो. दोन पदार्थ आहेत अशी शंकाही येत नाही. हार्डनर घालून, गरम ओव्हनमध्ये ठेवून मधूनमधून बघत राहायचं. बराच वेळ काहीच दिसत नाही. मग कडेने पाहिल्यावर हलकी निळसर झाक येते. थेंब अजून इतके लहान असतात की ते लाल प्रकाशाला जाऊ देतात आणि निळा विखरतात. झाक वाढते, राखाडी होते, मग बघता बघता बाटलीमागची अक्षरं पुसली जातात आणि सगळं पांढरं पडतं. त्यानंतर लवकरच जेल. पांढरेपण तिथेच गोठतं.

ज्या नियमाने पॉलिस्टायरीन आणि ॲक्रिलिक मिसळू दिलं नाही, तोच नियम इथे काम करतो, फक्त तो उशिरा येतो. इपॉक्सीचे रेणू सुरुवातीला छोटे, म्हणजे सुटे मणी. रबर त्यांच्यात आरामात सामावतं. अभिक्रिया त्यांना ओवत जाते, मांडणीचे पर्याय आटत जातात, आणि एका टप्प्यावर रबराला तिथे जागा उरत नाही. ते थेंब होऊन बाहेर पडायला लागतं. मोकळं सोडलं तर थेंब एकमेकांना मिळून मोठे होत जातील. पण तेवढ्यात जेल होतं आणि त्यांना आहेत तिथे धरून ठेवतं. प्लास्टिकच्या ब्लेंडमध्ये जो नियम सुरुवातीपासून आडवा येतो, तोच रेझिनमध्ये अर्ध्या वाटेवर मदतीला येतो. आपण विरघळवतो, ढवळतो, आणि फाटण्याचं काम रसायनावर सोपवतो. हे नातं मला पहिल्यांदा नीट उमगलं तेव्हा वाटलं की ब्लेंडवाले आणि रेझिनवाले उगाच दोन वेगळ्या विभागांत बसतात.

सगळी कारागिरी गढूळ होण्याच्या आणि जेल होण्याच्या मधल्या वेळेत असते. रबरात ॲक्रिलोनायट्राइल वाढवलं तर ते इपॉक्सीला जास्त मानवतं, उशिरा वेगळं पडतं, थेंब बारीक होतात. फार वाढवलं तर जेल आधी गाठतं, रबर जाळ्यातच विरघळून राहतं, आणि हाती येतं एक स्वच्छ, सुरेख दिसणारं, थोडं मऊ झालेलं आणि तितकंच फुटणारं इपॉक्सी. त्या पारदर्शक नमुन्यावर ग्राहक खूश होतो ही आणखी एक अडचण. ॲक्रिलोनायट्राइल फार कमी केलं तर रबर आधीच वेगळं पडून वर तरंगतं. तापमान वाढवलं तर दोन्ही घड्याळं वेगात धावतात, पण सारख्या वेगाने नाही, आणि गरम इपॉक्सी रबराला जास्त वेळ सामावूनही घेतं. म्हणून ओव्हनची सेटिंग बदलणं म्हणजे निम्मा फॉर्म्युला बदलणं. जमलं तर भेग पुढे ढकलायला लागणारी ऊर्जा दहापटीहून जास्त होते. मात्र फार दाट जाळ्याच्या रेझिनमध्ये हे रबर विशेष काही करत नाही, कारण थेंबांभोवतीच्या रेझिनला स्वतः थोडं ताणता यावं लागतं. डेटा शीटमधला दहापटीचा आकडा आपल्या रेझिनला लावण्याआधी तो कुठल्या जाळ्यावर मोजला आहे ते बघावं.

अशा ‘मुद्दाम बिघडू दिलेल्या’ मिश्रणांची यादी मोठी आहे. असंतृप्त पॉलिएस्टर रेझिन क्युअर होताना सात-आठ टक्के आकसतं, त्यामुळे पृष्ठभागावर आतल्या काचतंतूंची नक्षी उमटते. त्यात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटसारखं थर्मोप्लास्टिक, म्हणजे तापवल्यावर मऊ होणारं प्लास्टिक, घालतात. ते क्युअर होताना वेगळं पडतं, आतल्या आत सूक्ष्म पोकळ्या तयार होतात, आणि आकसण्याचा हिशेब तिथे चुकता होतो. मोटारींची गुळगुळीत पॅनेल अशी आतून सच्छिद्र असतात. पावडर कोटिंगमध्ये मॅट फिनिश हवं असेल तर एक जुनी युक्ती म्हणजे वेगवेगळ्या वेगाने क्युअर होणाऱ्या दोन पावडरी कोरड्याच मिसळायच्या. ओव्हनमध्ये एक आधी जमते, दुसरी नंतर, आणि पृष्ठभाग प्रकाश विखरण्याइतका खडबडीत होतो. त्या दोन पावडरी एक्स्ट्रूडरमधून एकत्र काढून खरोखर एकजीव केल्या तर चकाकी परत येते. गिऱ्हाईक मॅट मागतं तेव्हा खरं तर ते नेमका बिघाड मागत असतं.

पातळ फिल्मचं जग मात्र वेगळंच त्रासदायक. यूव्ही क्युअरमध्ये दिव्याखालून पट्टी निघते, खाली टणक, वर बोटाला चिकटणारी, कारण हवेतला ऑक्सिजन पृष्ठभागावरच्या मुक्त मूलकांना गिळतो. बादलीभर इपॉक्सी तापून धुरावतं आणि तेच मटेरियल शंभर मायक्रॉनच्या फिल्ममध्ये थंडगार राहून दिवसभर रेंगाळतं. त्यामुळे बाटलीतल्या निळसर झाकेवरून कोटिंगचा अंदाज बांधता येत नाही. पॅनेलवरच बघावं लागतं. क्रॉस-हॅच, टेप, एमईके या सॉल्व्हंटने घासणं, मँड्रेलवर वाकवणं, मीठ-फवारा. या चाचण्यांवर लिहिण्यासारखं काही नाही. त्या करत राहायच्या असतात.

अलीकडे या कामाला एक नवीन घाई आली आहे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, एफ्सानं, २०२३ मध्ये बिसफेनॉल-एचं सुरक्षित मानलं जाणारं रोजचं प्रमाण आधीच्या वीस हजाराव्या भागाइतकं केलं, आणि २०२४ च्या अखेरीस युरोपीय संघाने अन्नाच्या संपर्कात येणाऱ्या वस्तूंमध्ये त्याच्यावर बंदी आणली. डब्यांच्या आतल्या अस्तरांत दशकानुदशकं याच रेणूवर उभी असलेली इपॉक्सी होती. बाहेरून बघणाऱ्याला हा एक घटक काढून दुसरा घालण्याचा प्रश्न वाटतो. पण कोण कशात किती विरघळेल, कधी वेगळं पडेल, जेल कधी गाठेल, हे सगळं त्या रेणूच्या आकाराभोवती बसवलेलं असतं. कणा बदलला की सगळी घड्याळं नव्याने लावायची. बंदी योग्य आहे असं माझं मत आहे. ‘एका वर्षात पर्याय द्या’ म्हणणाऱ्यांनी निदान एकदा ओव्हनसमोर बसावं असंही आहे.

दुसरा दबाव पुनर्वापराचा, आणि तिथे जुन्या गोष्टी नव्याने अंगावर येतात. कचऱ्यात सगळ्यात जास्त सापडणारी पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रोपिलीन ही दोन्ही हायड्रोकार्बन असूनही एकमेकांत विरघळत नाहीत. एकत्र वितळवली तर ठिसूळ माल मिळतो. कॉर्नेल आणि मिनेसोटा विद्यापीठांतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दोघांचे तुकडे आलटून पालटून जोडलेली साखळी बनवली, आणि तिच्या टक्काभर मात्रेने मिश्रण चिवट झालं. इथेही दोन्ही प्लास्टिकं वेगळीच राहतात. साखळी फक्त हद्द शिवून टाकते. क्युअर झालेल्या रेझिनला तर हाही मार्ग नाही. बेकलंड यांनी १९०७ मध्ये बेकेलाइट बनवलं तेव्हापासून थर्मोसेट, म्हणजे क्युअर होऊन कायमचं कडक झालेलं मटेरियल, एकदा झालं ते झालं. २०११ मध्ये पॅरिसमध्ये लुडविक लाइब्लर यांच्या गटाने यातून वाट काढली: जोडांची संख्या तीच राहते, पण पुरेशा तापमानाला जस्ताच्या उत्प्रेरकाने ते आपापसांत जागा बदलतात, आणि जाळं न विरघळता हळूहळू वाहतं. त्यांनी या वर्गाला व्हिट्रिमर म्हटलं.

यावर माझं मत सरळ आहे. पोलादावरच्या रंगासाठी मला त्याची गरज दिसत नाही. पोलाद वितळवताना रंग जळूनच जातो, आणि कायम भाराखाली सरकू शकणारं जाळं मला गंजरोधक फिल्ममध्ये नको आहे. पवनचक्कीची पाती आणि सर्किट बोर्ड यांच्यासाठी मात्र ते हवंच, कारण तिथे मटेरियल जाड आहे, भरपूर आहे आणि काचतंतू परत मिळवण्याजोगे आहेत. फक्त पात्यांना चिवटपणाही लागतो, म्हणजे रबर आलं. आणि ज्या रबराला मी जेलच्या भरवशावर थेंबांत अडवलं, त्याला धरून ठेवणारं जाळंच पुन्हा हलणार असेल तर प्रत्येक वेळी तापवताना थेंबांना एकमेकांकडे सरकायला थोडी मोकळीक मिळते. म्हणून व्हिट्रिमरमध्ये मी द्रव रबराऐवजी कोअर-शेल कण घेईन. ते आधीच बनवलेले असतात, आतला रबराचा गाभा स्वतःपुरता जोडलेला, बाहेर रेझिनला मानवणारं कवच. त्यांचा आकार माझ्या ओव्हनवर अवलंबून नसतो. ते महाग पडतात, रेझिन घट्ट करतात, आणि नीट विखुरले नाहीत तर गुठळ्या धरतात, तेव्हा सुरुवात आधीच रेझिनमध्ये विखरून ठेवलेल्या मास्टरबॅचपासून करावी. निळसर झाक त्यात बघायला मिळत नाही, नमुना पहिल्यापासूनच धुरकट असतो, त्यामुळे मात्र मला थोडं चुकल्याचुकल्यासारखं वाटेल.